दमट हवेतले रोबो : कोकणात राहून मॉडेल दुरुस्त करायची आणि रंगवायची रीत

टेबलावर मांडायच्या युद्धखेळातले रोबो कसे रंगवायचे हे शिकवणारं जेवढं साहित्य मिळतं, ते बहुतेक थंड आणि कोरड्या मुलखातल्या माणसांनी केलेलं असतं. प्राइमर मारा, अर्धा तास थांबा, रंग लावा, वॉर्निश मारा, झालं. रत्नागिरीत आषाढात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओलसर राहतात, तिथे प्राइमरची काय कथा! नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट आहे. बऱ्याचदा हवा आडवी आलेली असते. म्हणून खाली तंत्र सगळीकडे चालतं तेच सांगतो आहे, पण क्रम, वेळा आणि काही वस्तू आपल्या हवेला धरून बदलल्या आहेत. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर कुठेही राहत असाल तरी हे लागू पडेल.

हातातला रोबो कशाचा आहे?

रंगापेक्षा हा प्रश्न आधी. डिंक कोणता लावायचा, जुना रंग कशाने काढायचा, वाकलेली नळी सरळ होईल की मोडेल, हे सगळं मटेरियलवर ठरतं.

उचलून जड लागला तर धातूचा. कथिलाच्या मिश्रधातूत ओतलेले असे रोबो आजही मिळतात. जुन्या मॉडेलांत शिसंही असू शकतं, म्हणून ती घासताना तोंडावर मास्क हवा, नंतर हात साबणाने धुवायचे आणि ती लहान मुलांच्या हाती द्यायची नाहीत. हलका असेल तर नजरेआड जाणाऱ्या जागी, म्हणजे तळपायाला, ब्लेडने जरासं खरवडून बघा. प्लॅस्टिकची साल गुंडाळत निघते, रेझिनची (म्हणजे पातळ रसायन साच्यात ओतून घट्ट केलेल्या मॉडेलची) पूड पडते. प्लॅस्टिकमध्येही दोन जाती आहेत. फ्रेममधून तोडून जोडायचे भाग येतात ते सहसा कडक पॉलिस्टायरीन असतं. आयते जोडलेले येतात त्यांपैकी बरेच जरा मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात.

पहिला रोबो कोणता घ्यावा असं विचाराल तर माझं मत ‘बॅटलटेक’मधला मधल्या वजनाचा एखादा. हा खेळ १९८४ साली अमेरिकेत ‘बॅटलड्रॉइड्स’ नावाने निघाला आणि वर्षभरात त्याचं नाव बदललं. त्यातले मेक, म्हणजे माणूस आत बसून चालवतो ते लढाऊ रोबो, २० ते १०० टनांचे मानले जातात, आणि प्रत्यक्ष मॉडेल साधारण १/२८५ प्रमाणात, चार-पाच सेंटीमीटर उंचीचं असतं. सपाट पत्रे, स्वच्छ कडा, चेहरा नाही, कातडी नाही. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या दुसऱ्या युद्धखेळातले नाइट नावाचे रोबो दिसायला भारी, पण ते मोठे असतात, भाग खूप असतात आणि खिशालाही जड जातात. तिथे नंतर जा.

हत्यारं

फार लागत नाहीत. रत्नागिरीच्या राम आळीत किंवा तुमच्या गावच्या बाजारपेठेत तासाभरात जमतात. हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, पाण्यात घासायचा तो. स्टेशनरीतून कटर आणि दोन-तीन गोल ब्रश घ्या, ० आणि २ नंबरचे. ०००च्या मागे लागू नका, त्याच्या टोकावर रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आत वाळतो. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याकडे बारीक कानशींचा संच आणि हाताने फिरवायचा छोटा ड्रिल मिळतो. एक मिलिमीटरचं पातं आणि तेवढ्याच जाडीची पितळेची तार तिथेच मागा.

तार पितळेचीच हवी. मोडलेल्या हातात स्टेपलरची पिन नाहीतर कागदाची क्लिप घाला असं खूप ठिकाणी सांगतात. खाऱ्या हवेत ते लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि आतून जोड उकलतो. कटरचं पातंही उघडं ठेवलंत तर पावसाळ्यात लालसर होतं, तेव्हा काम झाल्यावर मशीनच्या तेलाचं बोट फिरवून ठेवा आणि वापरताना पुसून घ्या.

दुरुस्ती

नवा असो की जुन्या बाजारातून आलेला, रोबो आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने घासून धुवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असतो आणि त्यावर रंग धरत नाही.

जुना रंग जाड बसलेला असेल तर तो काढावा लागतो. धातूचं किंवा कडक प्लॅस्टिकचं मॉडेल डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. एक काळजी घ्या : डेटॉलमधून काढून थेट नळाखाली धरू नका. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट चिखल होतो आणि तो खाचांत बसतो. आधी ताज्या डेटॉलमध्येच घासून स्वच्छ करा, मग साबणपाणी. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. रेझिनचं मॉडेल असेल तर आधी तळपायावर थेंबभर लावून बघा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लॅस्टिकला लावायचाच नाही, रंगाबरोबर रोबोही जातो.

वाकलेली तोफेची नळी मऊ प्लॅस्टिकची किंवा रेझिनची असेल तर चहाला ठेवतो तेवढं गरम पाणी पुरतं. मॉडेल चिमट्याने धरून थोडा वेळ बुडवा, बोटांनी नळी सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात घाला. धातूची नळी एकदाच, हळूहळू सरळ करा. मागेपुढे केलीत तर तुटते.

साच्याचे दोन भाग मिळतात तिथे अंगभर एक बारीक रेघ उठलेली असते. ब्लेडची धार नव्वद अंशात धरून ती खरवडून काढा, मग पॉलिश पेपर. हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळे ते टाळतात. पण पुढे गडद पातळ रंग सोडला की तीच रेघ सगळ्यात आधी दिसते.

आता तुटलेला हात. कडक पॉलिस्टायरीनला त्याचं स्वतःचं सिमेंट मिळतं; ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे जोड पक्का बसतो. ते छोट्या गावांत मिळत नाही, मागवावं लागतं. धातू, रेझिन आणि मऊ प्लॅस्टिक यांना फेविक्विकच्या जातीचा सुपरग्लू. हा डिंक हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. कोकणात ओलाव्याला तोटा नाही, म्हणून तो पटकन धरतो आणि तितक्याच पटकन नळीतही दगड होतो. घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ती नळी फ्रिजमध्ये ठेवा, आणि वापरायच्या आधी बरणी बंद असतानाच बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार नळी लगेच उघडली की तिच्यावर दव धरतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. दमट दिवशी जोडाभोवती पांढुरकी धूसर छटा उठते, तीही याच डिंकाच्या वाफेची. डिंक कमी लावा आणि वारा खेळता ठेवा. रंगवायच्या आधी उठली असेल तर काळजी नको, प्राइमरखाली झाकते.

धातूचा जड हात नुसत्या सुपरग्लूवर टिकत नाही. टेबलावरून पडला की पहिला तोच निखळतो. तिथे तार घालायची. खांद्याच्या तुटक्या तोंडावर रंगाचा एक ठिपका द्या, हात नेमका जागेवर दाबा आणि उचला. दुसऱ्या तोंडावर ठिपका उमटतो. दोन्ही ठिपक्यांवर सरळ भोकं पाडा, तीन-चार मिलिमीटर पुरे. तार कापून कोरडी बसवून बघा. बसली की ॲराल्डाइटचे दोन भाग कालवून भोकांत आणि तोंडांवर लावा, कपड्यांच्या चिमट्याने आधार द्या आणि रात्रभर विसरून जा.

उरलेली फट छोटी असेल तर तिच्यात सुपरग्लूचा थेंब सोडून वरून खायचा सोडा भुरभुरा. क्षणात कडक होतो. जरा गरम होतो आणि वाफ येते, तेव्हा तोंड लांब ठेवा. नंतर कानशीने साफ करा. मोठी फट किंवा उडालेला कोपरा असेल तर एम-सील. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा, एका वेळी वाटाण्याएवढाच, कारण उन्हाळ्यात तो हातातच आवळायला लागतो. हत्यार पाण्यात बुडवून आकार द्या. सपाट पत्रा हवा असेल तर टाल्कम पावडरीवर लाटून घ्या, अर्धवट घट्ट झाला की ब्लेडने कापा. पूर्ण कडक झाल्यावर पाणी लावूनच घासा, त्याची पूड नाकात जाऊ देऊ नका.

चिलखताचा अख्खा पत्रा नव्याने करायचा असेल तर सिमकार्ड ज्या चौकटीतून तोडून घेतो ते प्लॅस्टिक जपून ठेवा. पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं, कटरने सुबक कापलं जातं आणि सुपरग्लूने चिकटतं. बॉलपेनच्या रिफिलची तोफ करायचा मोह सगळ्यांना होतो. बऱ्याच रिफिली ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्याला कुठलाच साधा डिंक नीट धरत नाही. पितळेची बारीक नळी शोधा.

प्राइमर आणि वारा

प्राइमर म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर. सगळे स्प्रेचा डबा सुचवतात, कारण तो भराभर आणि पातळ बसतो. पण हवेत ओलावा जास्त असला की उडत्या थेंबांबरोबर पाणीही थरात अडकतं. मग पृष्ठभाग खरखरीत होतो नाहीतर दुधाळ. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच स्प्रे मारावा असा सर्वसाधारण संकेत आहे. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये आकडा दिसतो. पावसाळ्यात आपल्याकडे तो ८०च्या वर ठाण मांडून असतो, म्हणजे जून ते सप्टेंबर स्प्रेचा डबा कपाटात.

स्प्रेचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. त्यातही वेळ निवडा. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई आणि खारे वारे इथे कामाला येतात. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. पहाटे दव असतं, तेव्हा नको. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो ओलावाही आणतो आणि रंग उडवूनही लावतो. ऊन चढून दव सुकलेलं आहे, खारा वारा अजून सुटलेला नाही, अशी सकाळी दहाच्या आसपासची तास-दीड तासाची वेळ सगळ्यात चांगली. डबा दोन मिनिटं हलवा, एक वीतभर अंतर ठेवा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एकदाच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीनदा हलका हात फिरवा.

पावसाळ्यात काय? ब्रशने लावायचा प्राइमर. मिनिएचरसाठी, म्हणजे अशा छोट्या मॉडेलांसाठी, पॉलियुरेथेन मिसळलेला ॲक्रिलिक प्राइमर बाटलीत मिळतो. दोन पातळ थर द्या आणि मध्ये घाई करू नका. कोरड्या मुलखातले लोक चोवीस तास सांगतात, जुलैमध्ये दोन दिवस धरा. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा, गार लागला तर आत पाणी आहे. नवशिक्यांनी तर मी म्हणेन स्प्रेच्या नादी लागूच नये. डबा महाग, कुरियरवाले ज्वालाग्राही म्हणून नाखूश, आणि वर्षातले मोजकेच महिने उपयोगी.

सुकवायला पुठ्ठ्याचा खोका उलटा घालून त्यात चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब लावता येतो. बल्ब पुठ्ठ्याला आणि मॉडेलला लागणार नाही एवढा लांब हवा, आत हात घातला तर उबदार वाटावं, चटका बसू नये. लावून बाहेर जायचं नाही. गणपतीच्या शाळांत ऐन पावसाळ्यात रंगकाम कसं उरकतात तेही एकदा जाऊन बघा. दिवे आणि पंखे यांची मांडणी शिकण्यासारखी असते.

रंग

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्या. मिनिएचरसाठीचे खास रंग उत्तम, पण शिकायला ट्यूबमधले आर्टिस्ट ॲक्रिलिक चालतात. पोस्टर कलर नको, ते सुकल्यावरही पाण्याने उठतात. कापडावर रंगवायचे रंगही टाळा. ते लवचिक राहावेत म्हणून केलेले असतात. उकाड्यात दोन रोबो डब्यात एकमेकांना टेकले तर रंग एकाचा निघून दुसऱ्याला लागतो.

रंग पाण्याने पातळ करा, पातळ ताकाएवढा. एका थरात खालचा प्राइमर दिसत राहिला तर दिसू दे, दुसऱ्या-तिसऱ्या थरात झाकेल. जाड रंग पत्र्यांमधल्या रेघा बुजवतो आणि त्या परत आणता येत नाहीत. कोरड्या गावांतले लोक रंग सुकू नये म्हणून ओल्या स्पंजची पॅलेट वापरतात. आपल्याला ती मार्च-एप्रिलमध्ये पंख्याखाली बसलात तरच लागते. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. साधी बशी घ्या.

मूळ रंग बसला की खाचांत सावली. गडद तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवा, साबणाचा अगदी एक थेंब घाला म्हणजे तो वर न थबकता रेघांत उतरतो. सगळा रोबो त्यात न्हाऊ घालू नका, फक्त सांध्यांवर आणि पत्र्यांच्या जोडांवर सोडा. सपाटीवर साचलं तर ओल्या ब्रशने टिपून घ्या. हा थर आपल्याकडे सुकायला सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि अर्धवट सुकलेल्यावर ब्रश लागला की गोल डाग पडतो. रात्री लावा, सकाळी बघा.

मग कडा. मूळ रंगात थोडा पांढरा किंवा पिवळट मिसळून पत्र्यांच्या धारांवर उजळ रेघ ओढायची. ही खरी आखणी, आणि ती शिकायची तर श्रावणात पेणला किंवा जवळच्या कुठल्याही गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात बघत बसावं. मनगट टेकलेलं असतं, करंगळी मूर्तीला आधार घेते, आणि रेघ स्वतःकडे ओढलेली असते. रोबोला तेच लागू. शिवाय धारेवर ब्रशचं टोक न लावता त्याची कूस घासत नेली तर रेघ आपोआप सरळ येते. मॉडेल हातात धरू नका, एखाद्या जुन्या बाटलीच्या झाकणावर दुतर्फा चिकटपट्टीने बसवा; आपल्या घामट हवेत बोटांचा तेलकटपणा रंग खातो.

कॉकपिटची काच चार फटक्यांत होते. वरच्या बाजूला गडद निळा, खाली येताना फिकट, तळाला जवळजवळ आकाशी, आणि वरच्या गडद कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. एवढ्याने रोबो जिवंत दिसतो.

गंज

इथे मात्र आपण नशीबवान. परदेशी लोक फोटो बघून गंज रंगवतात, आपल्याला मिरकरवाडा बंदरावर चक्कर मारली की झालं. ट्रॉलरच्या विंचा (दोर गुंडाळायची यंत्रं), नांगर, साखळ्या नीट बघा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलेलं ‘बसरा स्टार’ जहाज पुढे बरीच वर्षं लाटा खात तिथेच होतं. त्याचे जवळून काढलेले फोटो मिळाले तर जपून ठेवा, पोलादी पत्रा कसा खातो याचा तो मोठा नमुना आहे.

काय बघायचं? गंज सपाट पत्र्याच्या मधोमध सुरू होत नाही. तो कडेला, वेल्डिंगच्या जोडावर, बोल्टच्या भोवती, जिथे पाणी अडतं किंवा रंग उडालेला असतो तिथे सुरू होतो. जुना गंज काळपट तपकिरी असतो, नारिंगी फक्त नव्या कडांना. ओघळ नेहमी खाली जातो, सुरुवातीला गडद, खाली निमुळता. नवशिक्यांचा रोबो सगळीकडून सारखा नारिंगी होतो तो एवढं न बघितल्यामुळे.

रंगवताना फोमचा तुकडा चिमट्यात धरा, काळपट तपकिरी रंगात बुडवा, बराचसा कागदावर टिपून टाका आणि पायांच्या, खांद्यांच्या कडांवर हलके टेकवा. त्यातल्या काहीच डागांच्या आत बारीक नारिंगी ठिपका. मग बोल्टखालून पातळ तपकिरी रेघ खाली ओढा आणि ओल्या ब्रशने तिची कड विरवा. वर पूड हवी असेल तर बाहेरून मागवू नका. तुळशीवृंदावनाला लावतात ती काव म्हणजे लोहाचं ऑक्साइडच आहे, आणि जांभ्याचा लाल रंगही त्याचाच. काव मलमलच्या कापडातून गाळून कोरड्या ब्रशने सांध्यांत भरा. हळद वापरून बघायची कल्पना सुचेल, पण ती उजेडाने उडून जाते.

तळ

रोबोच्या पायाखालच्या चकतीवर पातळ फेविकॉल लावून रेती पसरायची, एवढंच. समुद्रावरची रेती घ्यायची तर गोड्या पाण्यात चार-पाच वेळा धुऊन उन्हात वाळवा. मीठ राहिलं तर ते ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात रंगातून पांढरी बुरबुर वर येते. काळबादेवीकडची काळी रेती राखाडी ग्रहासाठी झकास दिसते. जांभ्याचा चुरा चाळून टाकलात तर मंगळ तयार, रंगवायचीही गरज नाही. सुकलेलं गवत म्हणून काथ्याचे धागे कापून टोचा.

शेवटचा थर आणि पावसाळ्याची बेगमी

खेळताना रोबो हाताळले जातात, म्हणून वर मॅट वॉर्निश हवं. स्प्रेचे सगळे नियम इथेही लागू, उलट जास्त कडक, कारण प्राइमर बिघडला तर तो झाकता येतो, वॉर्निश दुधाळ झालं की सगळं काम त्याच्याखाली जातं. पाण्यात मिसळणारं मॅट वॉर्निश ब्रशने लावणं बरं. बाटली हलवा पण फेस येऊ देऊ नका, आणि कावेची पूड भरलेल्या जागा शेवटी नुसत्या ब्रशच्या टोकाने टिपा.

ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत सिलिका जेल. डब्यात तांदूळ घालू नका, पोरकिडे होतात. कपाटात डांबरगोळ्या असतील तर रोबो तिथून हलवा. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि रंगासकट चिकट होतं. तळाला लोहचुंबक लावून डब्यात पत्रा बसवला तर एसटीच्या धक्क्यांतही रोबो जागचे हलत नाहीत. मात्र चुंबकाचं निकेलचं आवरण खाऱ्या हवेत टिकत नाही, त्यावर नेलपॉलिशचा एक हात द्या, आणि पत्र्यालाही रंग लावून घ्या.

मूळ रंगाचं मिश्रण थोडं जास्तच करून छोट्या बाटलीत राखून ठेवा. टेबलावर रोबो पडणार, कडा उडणार, आणि तोच रंग पुन्हा जुळवणं फार अवघड. बाटलीवर कोणत्या रोबोचं आणि कोणते रंग किती प्रमाणात, हे पेन्सिलीने लिहा. जेल पेनची शाई ऑगस्टपर्यंत फुटते.